बेस माल्ट: कोल्हापुरात कुठला घ्यावा, कुठून आणावा, कसा पारखावा?

रंकाळ्याचा_वारा

बिअरच्या गप्पा निघाल्या की लोक हॉप्सवर (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) तासभर बोलतात, यीस्टच्या जाती तोंडपाठ म्हणून दाखवतात. बेस माल्टचा विषय आला की "पिल्सनर घे नाहीतर पेल घे, काय फरक पडतो" म्हणून मोकळे. अरे, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि हंड्यात जे धान्य पडतं त्यातलं 80 ते 100 टक्के हा बेस माल्टच असतो. क्रिस्टल, चॉकलेट, रोस्टेड वगैरे खास माल्टची मंडळी फोडणीपुरती. म्हणून हा धागा फक्त बेस माल्टसाठी. हॉप्सवर भांडायचं असेल तर दुसरा धागा काढा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे खोडायला सोपं जाईल. कोल्हापुरात बसून माल्ट घेताना पोत्यावरच्या नावाचा नंबर तिसरा. पहिला नंबर माल्ट कोरडा आणि ताजा आहे का याचा, आणि दुसरा तो भरडायचा कशावर याचा. जर्मनीचं पोतं आणून पावसाळ्यात सादळवलं आणि घरघंटीवर पीठ केलं, तर त्यापेक्षा राजस्थानातल्या बार्लीचा साधा माल्ट कितीतरी बरा.

आता प्रकार. पिल्सनर माल्ट सगळ्यात फिका, रंग साधारण 3 ते 4 ईबीसी (रंगाचं माप, आकडा वाढला की रंग गडद). भट्टीत कमी तापवलेला असतो, त्यामुळे एन्झाइमची (धान्यातल्या पिठाची साखर करणारं द्रव्य) ताकद भरपूर राहते, पण एसएमएम नावाचं द्रव्यही शिल्लक राहतं. उकळताना त्याचं डीएमएस होतं आणि उकडलेल्या मक्याचा वास येतो. म्हणून पिल्सनर असेल तर दीड तास, झाकण न ठेवता उकळायचं. पेल एल माल्ट जास्त तापवलेला, 5 ते 7 ईबीसी, तिथे एक तास पुरतो. व्हिएन्ना त्याच्या थोडा पुढे. म्युनिक 15 ते 25 पर्यंत जातो आणि चवीला भारदस्त असतो, पण एन्झाइम कमी. गव्हाचा माल्ट वेगळाच, त्याला टरफल नसतं. त्यावर पुढे बोलू.

मला स्वतःला विचाराल तर सुरुवात पिल्सनर माल्टने करा, आणि काही महिने दुसरं काही घेऊच नका. त्याच्यावर म्युनिक घालून रंग-चव वाढवता येते, पेलला फिकं करता येत नाही.

---

हिशेबनीस

विषय छान आहे, पण कुणीतरी हे बोलायला हवं म्हणून मी बोलतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. "घरच्यापुरती", "विकत नाही" ही सबब चालत नाही. अमेरिकेत 1978 मध्ये आणि इंग्लंडमध्ये 1963 मध्ये घरगुती बिअरला मोकळीक मिळाली, आपल्याकडे नाही. नव्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

---

रंकाळ्याचा_वारा

बरोबर आहे साहेब, आणि पहिल्याच प्रतिसादात आलं ते बरं झालं. माझं सांगतो. पुण्यातल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीसाठी मी माल्ट निवडून देतो. घरी मी वर्टपर्यंतच जातो, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून काढलेलं गोड पाणी. यीस्ट पडतं ते तिकडे, परवान्याच्या जागेत. वर्ट म्हणजे नुसतं माल्टचं सरबत, ते घरातली पोरंही पितात. आणि खरं सांगू का, बेस माल्ट पारखायला वर्टच पाहिजे. बिअर झाल्यावर हॉप्स आणि यीस्ट मध्ये येतात आणि माल्टने काय केलं ते कळत नाही.

---

शंकासुर

भावा, एवढं सगळं वाचलं. आता सरळ सांग. लक्ष्मीपुरीत बार्ली मिळते, ती आणून टाकली तर? माल्ट कशाला पायजे?

आणि दुसरं. घरात हॉर्लिक्सचा अख्खा डबा पडलाय. त्याच्यात पण माल्ट असतो म्हणे. 😄

---

रंकाळ्याचा_वारा

शंकासुरा, हॉर्लिक्स दुधात घालून पी आणि झोप.

बार्लीचं असं आहे. कच्च्या बार्लीत पिठूळ भाग आहे, पण तो तोडून साखर करणारं एन्झाइम पुरेसं नाही. दाण्याला मोड येताना तो स्वतःच्या पोटापाण्यासाठी एन्झाइम तयार करतो. ऐन वेळी त्याला वाळवून थांबवायचं, की झाला माल्ट. लक्ष्मीपुरीत किराणा दुकानात जी पांढरी, गुळगुळीत बार्ली मिळते ती पॉलिश केलेली असते. तिचा अंकुरच गेलेला, त्यामुळे मोडही येणार नाहीत. सूपमध्ये घाल.

बेकरीवाल्यांकडे माल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा असतो, तोही कुणी सुचवेल. त्यात साखर असते, एन्झाइम असेलच असं नाही, आणि बहुतेक वेळा तो काळपट असतो. बेस म्हणून नको.

---

थेम्सकाठी

मूळचा शाहूपुरीचा, सध्या इंग्लंडात, इथे घरी करायला मोकळीक आहे. मला पहिल्या पोस्टमधला "पोत्यावरचं नाव तिसऱ्या नंबरवर" हा मुद्दा पटला नाही.

मारिस ऑटर वापरून बघा. 1960 च्या दशकात केंब्रिजच्या प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटने काढलेली ही बार्ली, हिवाळ्यात पेरायची जात. उतारा कमी म्हणून नंतर शेतकऱ्यांच्या शिफारस यादीतून गेली, तरी बिअरवाल्यांनी ती सोडली नाही. इथले काही माल्टवाले आजही ती जमिनीवर पसरून, हाताने उलथून माल्ट करतात. गोल्डन प्रॉमिस ही स्कॉटलंडची आवडती, तिचाही तसाच भक्तवर्ग आहे. नुसता मारिस ऑटर, एकच हॉप, बाकी काही नाही, अशी बिटर (इंग्लिश पद्धतीची बिअर) केली तर बिस्किटासारखी, किंचित सुकामेव्याची चव येते. ती फिक्या लॅगर माल्टमधून कितीही काही घातलं तरी येत नाही. जातीला महत्त्व आहे.

---

रंकाळ्याचा_वारा

@थेम्सकाठी, जातीला महत्त्व नाही असं मी म्हटलंच नाही. तुमच्याकडे तो माल्ट गावातून येतो. आमच्याकडे जहाजाने मुंबई, तिथून गोदाम, मग एजंट, मग ट्रान्सपोर्टने कोल्हापूर. मधे एखादा पावसाळा गेला असेल तर पोत्यावर काहीही छापलेलं असो. देशी माल्टच्या दुपटीहून जास्त पैसे मोजून सादळलेला मारिस ऑटर घ्यायचा?

आणखी एक. इंग्लिश पेल माल्टची एन्झाइमची ताकद बेताची असते. तुम्ही तो एकटाच वापरता म्हणून भागतं. इथले लोक त्याच्यात तांदूळ, ज्वारी काय काय घालायला बघतात, तिथे तो कमी पडतो. ही ताकद लिंटनर अंशात मोजतात. हंड्यातल्या सगळ्या धान्याची सरासरी निदान 30 ते 35 पाहिजे, नाहीतर पिठाची साखर पूर्ण होत नाही. चांगला पिल्सनर शंभराच्या आसपास असतो, म्युनिक 40 ते 70.

---

थेम्सकाठी

तांदूळ-ज्वारीचा मुद्दा मान्य. मारिस ऑटरवरचं माझं म्हणणं मी मागे घेणार नाही. सुट्टीत आलो की एक किलो घेऊन येतो, तुमच्या पिल्सनरशेजारी ठेवून चाखू.

---

रंकाळ्याचा_वारा

दोन किलो आणा.

चाखण्यावरून आठवलं, व्यनिमध्ये तिघांनी पारखायचं कसं ते विचारलंय. इथेच लिहितो. अमेरिकेत माल्टवाल्यांनी बसवलेली सोपी पद्धत आहे, हॉट स्टीप म्हणतात. 50 ग्रॅम माल्ट घ्या. मिक्सरला अगदी थोडा फिरवा, इथे पीठ झालं तरी चालतं. थर्मासमध्ये 65 अंशाचं 400 मिली पाणी, त्यात माल्ट, झाकण लावून वीसेक सेकंद हलवा आणि 15 मिनिटं तसंच ठेवा. मग पुन्हा एकदा हलवून कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. वाटीभर सोनेरी पाणी मिळेल. ते कोमट झाल्यावर आधी वास घ्या, मग घोट.

पिल्सनर असेल तर हलका मधासारखा, ओल्या पिठाचा वास. पेल एलमध्ये बिस्किट. म्युनिकमध्ये पावाची भाजलेली कड. सादळलेल्या माल्टचा वास लगेच ओळखू येतो, बंद कपाटातल्या जुन्या कागदांचा. तो आला की पोतं परत.

दोन-तीन माल्ट शेजारी शेजारी ठेवून घरातल्या माणसांना नाव न सांगता द्या. आमच्याकडे आईचं नाक सगळ्यात तिखट आहे. तिला बिअर म्हणजे काय ते माहीत नाही आणि करूनही घ्यायचं नाही, पण "हा जुना आहे" म्हणाली की तो जुनाच असतो.

---

लेथवाला

उद्यमनगरात आपलं लेथचं काम आहे. माल्टमधलं काय कळत नाही, पण ह्या रंकाळ्याच्या वाऱ्याने माझ्याकडून रोलर मिल करून घेतली, म्हणून भरडण्यावर मी बोलणार.

घरघंटीवर दळू नका. जाळी कितीही मोठी लावा, ती दाणा घासते, दाबत नाही. टरफलाचा भुगा होतो. आपल्याला पायजे टरफल जवळजवळ अख्खं आणि आतला दाणा तीन-चार तुकड्यांत फुटलेला. त्याला दोन रोलर लागतात. रोलरवर नर्लिंग मारायचं, म्हणजे खरबरीत खाचा पाडायच्या, गुळगुळीत ठेवला तर दाणा आत ओढत नाही, वरच नाचत बसतो. एक रोलर फिक्स, दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना बुश एक्सेंट्रिक करायची, म्हणजे फिरवून गॅप कमी-जास्त होतो. सुरुवात 1.1 मिमीने करा. फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) दोन्ही बाजूला बघा, एका बाजूला 1 आणि दुसऱ्या बाजूला 1.3 असं असेल तर अर्धा माल अख्खाच खाली पडतो. हाताने फिरवा नाहीतर ड्रिल लावा, पण ड्रिल हळू. 150-200 आरपीएमच्या वर गेलं की पीठच.

खर्चाचं इथे लिहीत नाही. लोक धाग्यावर भाव करतात.

---

शंकासुर

नाद खुळा! फाउंड्रीच्या गावात बिअरसाठी रोलर. मला पण एक.

---

लेथवाला

तुला कशाला, तुझ्याकडं हॉर्लिक्स आहे की.

---

आजऱ्याची_माहेरवाशीण

मी बिअर वगैरे काही करत नाही, पण धागा वाचताना राहवलं नाही. तुम्ही ज्याला माल्ट म्हणून एवढं डोक्यावर घेताय ते आम्ही नाचणीचं करतो की! बाळाच्या सत्त्वासाठी नाचणी भिजवून, सुती फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, हलकं भाजायचं, चोळून मोड काढायचे आणि दळायचं. माझ्या सासूबाई मोड काढल्याशिवाय दळू द्यायच्या नाहीत, कडू लागतं म्हणायच्या.

आणि लेथवाल्या भाऊंना एक. लापशीसाठी गहू भरडताना आधी त्याला पाण्याचा हात लावतात. पाच-दहा मिनिटं ठेवला की साल चिवट होते आणि फुटत नाही, आतला रवा मात्र मोकळा होतो. तुमच्या बार्लीला हे चालत नाही का?

---

रंकाळ्याचा_वारा

मावशी, तुम्ही तर हातच टेकायला लावले. अगदी हेच मोठ्या ब्रुअरीत करतात. भरडायच्या आधी माल्टवर वजनाच्या दोनेक टक्के पाणी शिंपडायचं, म्हणजे 5 किलोला 100 मिली, हाताने सारखं करायचं आणि दहा मिनिटांनी भरडायचं. टरफल कातड्यासारखं लवचिक होतं. एकच काळजी: रोलर लगेच पुसून कोरडे करायचे, नाहीतर गंजतात. लेथवाला आत्ताच डोळे वटारत असेल.

मोड काढायचं तुमच्या सासूबाईंचं म्हणणंही शंभर टक्के. बार्ली माल्टचेही मुळांचे कोंब काढून टाकतात, कडवट लागतात.

नाचणीच्या माल्टमध्ये आपल्याकडच्या भरड धान्यांत एन्झाइम बऱ्यापैकी असतं. नेपाळ, सिक्कीमकडे कोदोची, म्हणजे नाचणीचीच, छांग करतात. ज्वारीचं मात्र जपून. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाल्ली की जनावराला विषबाधा होते ते इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, कारण तेच. त्यामुळे ज्वारीचा माल्ट घरी करायचा नाद नको.

---

आजऱ्याची_माहेरवाशीण

मग बार्लीला मोड कसे आणायचे ते तरी सांगा. दिवाळीनंतर करून बघते. पोरांना दुधातून द्यायला.

---

रंकाळ्याचा_वारा

दिवाळीनंतरच करा, मावशी. बार्लीला मोड येताना 14 ते 18 अंश हवेत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री तेवढं उतरतं, दिवसा मात्र आतल्या खोलीत, फरशीवर ठेवावं लागतं. उन्हाळ्यात केलं तर मोडाच्या आधी बुरशी येते.

बार्ली पॉलिश नसलेली, टरफलासकट घ्या. बियाण्याच्या दुकानातली अजिबात नको, तिला औषध लावलेलं असतं. धुऊन वर तरंगणारं काढून टाका. आठ तास पाण्यात, आठ तास पाणी काढून उघडी, पुन्हा पाण्यात. सतत बुडवून ठेवली तर दाणा गुदमरतो. झाली की नाही ते वजनावरून कळतं: एक किलोची साधारण 1.6 किलो झाली की ओल 45 टक्क्यांच्या आसपास आली, बास. मग ओल्या फडक्याखाली पातळ पसरून चार-पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ उलथायची, नाहीतर मुळं एकमेकांत गुंतून गोधडी होते आणि आतून तापते.

थांबायचं कधी? बाहेर दिसणाऱ्या मुळांकडे बघू नका. दाणा उभा चिरा. पाठीवर टरफलाच्या आत एक पांढरा कोंब सरकत असतो, तो दाण्याच्या पाऊण लांबीला आला की थांबवायचं. बोटांत चिरडल्यावर आतलं पीठ खडूसारखं पांढरं उतरलं पाहिजे. मधे टणक खडा लागला तर अजून एक दिवस.

वाळवताना घाई नको. आधी 45-50 अंशाला, पंख्याखाली किंवा उन्हात, दाणा चांगला कोरडा होईपर्यंत. मगच ओव्हनमध्ये 80 अंशाला दोन-तीन तास. ओल्या दाण्याला एकदम 80 दाखवलं तर एन्झाइम मरतात आणि तुमच्या हातात नुसती भाजलेली बार्ली राहते. शेवटी पोत्यात घालून घासा, मुळं गळतील. किलोचे 800 ग्रॅमच्या आसपास हाती लागतात.

---

मोघम

आमच्या शिरोळकडे खपली गहू चिकार. त्याचा माल्ट होईल का?

---

रंकाळ्याचा_वारा

होईल आणि झकास होईल. खपली म्हणजेच एमर. जर्मनीत एमरचा माल्ट विकत मिळतो. खपलीची गंमत म्हणजे न कांडलेला घेतला तर टरफल चिकटलेलं असतं. साध्या गव्हाच्या माल्टला टरफल नसल्यामुळे हंड्यात चिकटा होतो आणि गाळताना सगळं बसतं. तरी बेस म्हणून एकटा नको. निम्मा बार्लीचा पिल्सनर ठेवा.

---

गडहिंग्लजी

चिकटा होतो म्हणालास म्हणून. आमच्याकडं राईस मिलवर भाताचं तूस ढिगानं पडलेलं असतंय, वीटभट्टीवाले घेऊन जातात. ते चालतंय का गाळायला? आणि दुसरं, आजरा घनसाळ घालून बघितला कुणी? वासच एवढा भारी.

---

रंकाळ्याचा_वारा

तूस चालतं म्हणजे, पुण्याचे लोक पैसे देऊन मागवतात! दोन-तीन पाण्यांनी धुवायचं, धूळ जाईपर्यंत, आणि गव्हाचा माल्ट निम्मा असेल तर एकूण धान्याच्या पाचेक टक्के घालायचं. त्याला चव नसते, वाट मोकळी ठेवायचं काम करतं.

घनसाळ नको रे. तो वास तासभर उकळण्यात उडून जाणार आणि तुझे पैसेही त्याच्याबरोबर. तांदूळच घालायचा तर साधी कणी आण. आणि कणी घालावी की नाही ते बेस माल्टवर आहे, हे महत्त्वाचं.

भारतात पूर्वापार सहा ओळींची बार्ली पिकते. कणसाकडे वरून बघितलं तर दाण्यांच्या सहा रांगा. दाणा बारीक, टरफल जास्त, प्रथिनं जास्त, एन्झाइमही दणकून. युरोपातली दोन ओळींची, दाणा टपोरा आणि एकसारखा. आता आपल्याकडेही कर्नालच्या गहू व बार्ली संशोधन संस्थेने दोन ओळींच्या माल्टसाठीच्या जाती काढल्यात, डीडब्ल्यूआरयूबी 52, डीडब्ल्यूआरबी 101 वगैरे. देशी माल्ट घेताना विचारा, टू-रो की सिक्स-रो.

सिक्स-रो नुसता वापरला तर प्रथिनांमुळे बिअर गढूळ राहते आणि टरफलामुळे थोडी तुरट लागते. अमेरिकेत गेलेल्या जर्मन ब्रुअरना एकोणिसाव्या शतकात हीच अडचण आली, तेव्हा त्यांनी मका आणि तांदूळ मिसळून प्रथिनं पातळ केली. लोक त्याला काटकसर म्हणून हिणवतात, पण मुळात तो त्या बार्लीवरचा इलाज होता. आपणही तेच करायचं: 80 टक्के सिक्स-रो, 20 टक्के कणी. कणी आधी वेगळ्या पातेल्यात मऊ, पेजेसारखी शिजवायची, कारण तांदळाचं पीठ माल्टच्या 65-66 अंशाला नीट फुलत नाही. ती गरम पेज हंड्यात ओतली की माल्टचं जास्तीचं एन्झाइम तिचीही साखर करून टाकतं. टू-रो असेल तर कणीची गरज नाही.

---

हिशेबनीस

माझा प्रश्न सरळ व्यवहाराचा. विकत घ्यायचा तर कुणाकडून, किती, आणि कागद कुठला मागायचा?

---

रंकाळ्याचा_वारा

माल्टचे कारखाने हरयाणा, पंजाब, राजस्थानकडे. ते ट्रकाच्या भाषेत बोलतात, एक-दोन पोत्यांसाठी फोनही नीट घेत नाहीत. पुणे-मुंबई-बेंगळुरूची ऑनलाइन दुकानं किलो-दोन किलोही देतात, पण किलोमागे दर चढा, आणि बरीच दुकानं भरडूनच पाठवतात. भरडलेला घेऊ नका. अख्खा माल्ट कोरडा ठेवला तर वर्षभर राहतो, भरडलेला काही आठवड्यांत उतरतो. तिसरा रस्ता म्हणजे ओळखीची परवानाधारक ब्रुअरी. त्यांच्या मालाबरोबर आपलं 25 किलोचं पोतं येतं. मला हाच बरा वाटतो, कारण त्यांचा माल सतत फिरतो, गोदामात पडून राहत नाही. बाहेरचा माल्ट, बांबर्गचा वायरमान किंवा इंग्लंडचे क्रिस्प, सिम्पसन्स, तोही तसाच येतो.

कागद म्हणजे त्या लॉटचं विश्लेषण. "सगळे लॉट सारखेच असतात" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. त्यात आधी ओल बघा: 4 ते 5 टक्के ठीक, त्याच्या वर नको. मग प्रथिनं, 9.5 ते 11.5 मध्ये असलेली बरी. मग एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टमधून पाण्यात उतरू शकणारा भाग, 80 टक्क्यांच्या आसपास. फ्रायबिलिटी 80 च्या वर, म्हणजे दाणा आतून ठिसूळ झालाय, मोड पुरते आलेत. बाकीचे आकडे सुरुवातीला सोडून द्या. हिशेबासाठी एवढं पुरतं: असल्या 4 किलो माल्टमधून, 75 टक्के वसुली धरली, तर 20 लिटर वर्ट 1.046 घनतेचा मिळतो. तुमचा त्याच्या खूप खाली आला तर आधी भरड बघा, मग माल्टला नावं ठेवा.

---

मोघम

मी एका ऑनलाइन दुकानातून पिल्सनर मागवला होता. जुलैत आला, भरडलेला, पिशवीला भोक, आत सोंडे. दुकानवाला म्हणतो "ऑरगॅनिक आहे म्हणून". 🙏

---

गडहिंग्लजी

ऑरगॅनिक सोंडे! पैसे वेगळे लावले न्हाईत हेच नशीब.

---

रंकाळ्याचा_वारा

जुलैत कोल्हापुरात धान्य मागवणं म्हणजे त्याचं श्राद्ध घालणं. माल्ट 4-5 टक्क्यांचा कोरडा असतो, बाहेरची हवा दमट, तो ओल ओढूनच घेणार. पोतं उघडलं की पत्र्याच्या कोठीत नाही, रबर रिंग असलेल्या झाकणाच्या फूडग्रेड ड्रममध्ये. जमिनीवर नको, फळीवर. कडुलिंबाचा पाला मी तरी घालत नाही, वास लागतो.

रोजची परीक्षा दाताने. दाणा चावल्यावर कुर्रकन तुटला तर ठीक. चिवट लागला तर सादळला. थोडासाच सादळला असेल तर 50 अंशाच्या आत वाळवून निभावता येतं, वास बदलला असेल तर म्हशीला घाला.

---

थेम्सकाठी

पाण्याचं कुणी बोललं नाही. कोल्हापूरचं पाणी कसं आहे हल्ली? फिक्या माल्टला ते महत्त्वाचं.

---

रंकाळ्याचा_वारा

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते रात्रभर उघडं ठेवून किंवा कार्बन फिल्टरमधून घालवायचं, नाहीतर औषधी वास येतो. बोअरचं पाणी काळ्या रानातलं असेल तर जड. त्यात नुसता पिल्सनर घातला तर हंड्यातला पीएच 5.6 च्या वरच राहतो आणि टरफलाचा तुरटपणा उतरतो. त्याच पाण्यात म्युनिक जास्त घातला तर पीएच आपोआप खाली येतो. म्हणून बोअरवाल्यांनी फिक्याच्या मागे न लागता म्युनिक-व्हिएन्नाकडे वळावं, किंवा थोडं लॅक्टिक अ‍ॅसिड ठेवावं. बाकी पाण्यासाठी वेगळा धागा काढा, इथे पसरेल.

---

शंकासुर

बरं, मी ऐकलं सगळं. हॉर्लिक्स बंद. दिवाळीनंतर पोतं येणार असेल तर त्यातलं पाच किलो माझं, मी वर्टच करीन, आईशप्पथ. टू-रो पिल्सनर म्हणतोयस ना?

---

रंकाळ्याचा_वारा

टू-रो पिल्सनर, देशी. ब्रुअरीचा माल नोव्हेंबरात येतो, तेव्हा. पाच किलो तुझं, पाच मावशींचं त्यांच्या घरच्या माल्टशी ताडून बघायला, पाच मोघम यांचं. दहा मी ठेवतो. लॉटचा कागद आला की इथे टाकतो. न्यायला येताना झाकणाचा डबा आणा, पिशवी आणलीत तर देणार नाही.

---

मोघम

माझं पक्कं. भरडायचं कुठे? मिल नाही.

---

लेथवाला

उद्यमनगरात या, माझ्याकडं एक ट्रायलची मिल पडली आहे. गॅप लावून देतो. रविवारी नको, त्या दिवशी शटर बंद. आणि फीलर गेज कुणी खिशात घालून नेऊ नका, मागच्या वेळी एक गेलाय.